वसंतातली समुद्रपक्ष्यांची मोजणी, रिकाम्या तासांसकट

क्षितिजरेषा
गेले तीन वसंत मी रजा जोडून जोडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका पक्षी निरीक्षण केंद्रात काढले. काम एकच, समुद्रावरून जाणारे पक्षी मोजायचे. मागच्या एका धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की तिथे दिवसभर नक्की करतात काय, आणि एका जागी बसून मोजलेल्या आकड्यांना अर्थ तरी काय. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

आधी जागा. इंग्लिश खाडी पश्चिमेला रुंद आहे आणि पूर्वेकडे निमुळती होत डोव्हरपाशी जेमतेम ३३ किलोमीटर उरते. पश्चिम आफ्रिकेच्या, स्पेन-पोर्तुगालच्या आणि फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर हिवाळा काढलेले पक्षी स्कँडिनेव्हिया आणि रशियाच्या उत्तर टोकाकडे निघाले, की त्यातल्या बऱ्याच जणांना हा नरसाळ्यासारखा रस्ता सोयीचा पडतो. जमिनीचं एखादं टोक समुद्रात पुढे घुसलेलं असलं, तर तिथे बसणाऱ्याच्या नजरेसमोरून ही सगळी रहदारी जाते. डंजनेसचं केंद्र अशाच गोट्यांच्या टोकावर १९५२ पासून आहे. पोर्टलंडचं १९६१ पासून एका जुन्या दीपगृहात. पलीकडे फ्रान्सच्या बाजूला कॅप ग्री-ने हे तसंच टोक.

आमची बसायची जागा म्हणजे समुद्राकडे उघडी असलेली लाकडी खोपी. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी दोघं जण पोचतो. एक स्कोपला (तिकाटण्यावरच्या एकनळी दुर्बिणीला) डोळा लावतो, दुसरा बायनोने, म्हणजे साध्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीने, जवळचं पाणी बघतो आणि लिहितो. तासाभराने अदलाबदल. वहीत प्रत्येक तासाचा वेगळा रकाना: पक्षी, संख्या, दिशा, वय किंवा पिसारा ओळखता आला तर तो. वर वाऱ्याची दिशा आणि जोर, ढग, किती लांबचं दिसतंय ते. समोर पाण्यात एक बोया, म्हणजे नांगरलेली तरंगती खूण, आहे. त्याची काल्पनिक रेषा पक्ष्याने ओलांडली, की तो मोजला. रेषेच्या अलीकडे घुटमळून परत फिरला तर नाही. ही एक रेष ठरवली नाही तर एकच कुरव (गल) सकाळभरात वीस वेळा वहीत शिरतो.

वसंताची ये-जा एका क्रमाने होते आणि तो क्रम आता माझ्या अंगात मुरलाय. मार्चमध्ये ब्रेंट हंस, काळसर, आखूड मानेचे, पाण्यालगत लांबलचक रांगेत. ते सैबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पाकडे विणीला चाललेले असतात. त्यांच्याच सुमारास लाल गळ्याचे डायव्हर. महिना संपता संपता सँडविच सुरय (टर्न). एप्रिल स्कोटर बदकांचा. नर पूर्ण काळे, आणि थवा लांबून येतो तो काळ्या मण्यांची सर कुणी लाटांवरून ओढत नेल्यासारखा. एप्रिलच्या उत्तरार्धात छोटे कुरव, मग पट्टेरी शेपटीचे गॉडविट आणि व्हिम्ब्रेल हे लांब चोचीचे किनारपक्षी, मग सुरयांचे मोठे लोंढे. आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वारा मनासारखा असला तर, पोमरिन स्कुआ, म्हणजे दुसऱ्या पक्ष्यांचं भक्ष्य हिसकावणाऱ्या समुद्रपक्ष्यांपैकी एक.

पोमरिनसाठी लोक वर्षभर थांबतात. प्रौढ पक्ष्याच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब, टोकाला चमच्यासारखी पिळलेली असतात. आर्क्टिकच्या टुंड्रात लेमिंग (उंदरासारखे छोटे प्राणी) भरपूर असतील त्या वर्षी यांची वीण होते, नसतील तर जवळजवळ होतच नाही. म्हणजे एवढा पल्ला मारून तिथे काय वाढून ठेवलंय हे त्या पक्ष्याला ठाऊक नसतं. दुसऱ्या वर्षी मी एका वेळी सतरा बघितले. दक्षिण-आग्नेय वारा, करडं पाणी, आणि ते छातीला जड, पंखांना घाई नसलेले, एकामागे एक. माझ्या जोडीदाराने आकडा मोठ्याने म्हटला आणि पुढची दोनेक मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पण मला सांगायचंय ते या दिवसाबद्दल नाही. पहिल्या वर्षाबद्दल आहे.

पहिल्या वर्षी मी उत्साहाने गेले. पश्चिमेचा वारा आठवडाभर हलला नाही आणि समोर काही म्हणजे काहीच जाईना. अशा दिवशी मी नऊ-साडेनऊलाच खोपीतून उठून परत यायचे. वहीत जे दिसलं ते लिहायचे. दिसलं नाही त्या तासाला रकानाच नाही, आणि किती वाजता उठले तेही नाही. हंगामाअखेर नोंदी संगणकावर चढवणाऱ्या बाईंनी माझी पानं बाजूला काढली आणि शांतपणे विचारलं, 'या दिवशी सात ते नऊ तू तिथे होतीस का?' मला सांगता येईना. सोळा दिवसांची पानं तुलनेतून वगळावी लागली. त्या पानांवर पक्षी होते, संख्या बरोबर होत्या, ओळख बरोबर होती. फक्त मी किती वेळ बघत होते हे कुठेच नव्हतं.

त्या दिवसापासून मी शून्य लिहिते. तासाचं, वाऱ्यासकट, सही करून. नव्याने मोजणीला बसणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगते, पक्षी ओळखायचं नंतर.

नवी_दुर्बीण
वाचताना अंगावर काटा आला. दोन बाळबोध प्रश्न. पश्चिमेचा वारा तर पूर्वेकडे जाणाऱ्या पक्ष्यांना पाठीवर मिळतो ना? मग त्या दिवशी जास्त पक्षी दिसायला हवेत, कमी का? आणि इतक्या लांबून उडणारा ठिपका ओळखता कसा?

क्षितिजरेषा
>> पश्चिमेचा वारा तर पाठीवर मिळतो ना?

प्रश्न बाळबोध मुळीच नाही, मलाही पहिल्या वर्षी हेच कोडं पडलं होतं. पक्षी त्या दिवशी जातात, बहुधा जास्तच जातात. आपल्याला दिसत नाहीत. वारा पाठीवर असला की वर चढणं फायद्याचं, कारण उंचावर वारा जोरदार असतो. मग ते उंचावरून, खाडीच्या मधूनच निघून जातात. वारा समोरून आला की उलटं गणित. पाण्याला घासून जाणारा वारा मंद झालेला असतो, लाटांच्या खोबणीत तर आणखी मंद, म्हणून पक्षी पाण्यालगत उतरतात. त्यात वारा आग्नेयेचा असला, तर तो पूर्वेकडे जाणाऱ्याला अडवतोही आणि खाडीतून इंग्लंडच्या काठाकडे ढकलतोही. शिवाय हलकं धुकं किंवा पावसाची सर असली तर पक्षी किनारा धरून जातात. म्हणून आमच्याकडे सकाळी उठल्या उठल्या आधी वाऱ्याकडे बघतात, मग घड्याळाकडे.

म्हणजे आमच्या वहीतला आकडा 'किती पक्षी गेले' याचा नसतो, 'या वाऱ्यात, इतक्या वेळात, या टोकावरून किती दिसले' याचा असतो. वारा न लिहिता नुसता आकडा लिहिला तर पाच वर्षांनी तो वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

पक्षी ओळखण्याबद्दल 'माळरान' जास्त चांगलं सांगतील, त्यांचा हात माझ्याहून पक्का आहे.

माळरान
ताईंनी नाव घेतलं म्हणून लिहितो. समुद्रावर रंग शेवटी येतो. आधी ढब. पक्षी कसा उडतो, किती उंचावरून, पंख किती वेळा मारतो, एकटा की रांगेत.

गॅनेट सगळ्यात सोपा, त्याच्यापासून सुरुवात करा. पंख पावणेदोन मीटरच्या आसपास पसरलेले, दोन्हीकडे टोकदार, उडताना थेट फुलीसारखा. उंचावरून पंख मागे घेऊन पाण्यात सूर मारतो ते एकदा बघितलं की विसरत नाही. फुलमार पंख ताठ ठेवून तरंगतो, कुरवासारखे वाकवत नाही. डायव्हरची मान किंचित खाली झुकलेली, पाठीला बाक, मागे पाय बाहेर आलेले. गिलेमॉट आणि रेझरबिल छोटे, पंख इतके भराभर मारतात की चावी दिलेल्या खेळण्यासारखे दिसतात. सुरय प्रत्येक पंखागणिक वर उचलला जातो, वजनच नसल्यासारखा. स्कुआ ससाण्यासारखा, पंखात पांढरा झटका दिसतो. आणि जिथे सुरय मासा घेऊन जात असतील तिथे स्कुआ त्यांच्या मागे लागून तो टाकायला लावतो. एखादा सुरय अचानक वेडावाकडा उडायला लागला की त्याच्या मागे बघा.

सामान्य सुरय आणि आर्क्टिक सुरय यांच्यात फार लवकर निवाडा करू नका. जवळून गेला तर आर्क्टिकची चोच पूर्ण गडद लाल, सामान्यची केशरी-लाल आणि टोकाला काळी. आर्क्टिकची उड्डाणपिसं उजेडात पारदर्शक दिसतात, कडेला बारीक काळी रेघ. सामान्यच्या पंखात गडद पाचर. पण दोन किलोमीटरवरून यातलं काही दिसत नाही. त्यामुळे वहीत दोघांसाठी मिळून एक रकाना असतो, आणि लांबून जाणारे बरेचसे सुरय त्याच रकान्यात जातात. मी पंचवीस वर्षं पक्षी बघतोय आणि मीही त्याच रकान्यात लिहितो. त्यात कमीपणा नाही. खोटी ओळख आकड्यात एकदा शिरली की पुन्हा उपसून काढता येत नाही.

शंकेखोर
लेख आवडला, पण मूळ शंका तशीच आहे. खाडी ३३ किलोमीटर रुंद म्हणता आणि ती सगळ्यात अरुंद जागा. स्कोपमधून ओळखता येतं दोन-तीन किलोमीटरपर्यंत. रात्री कुणी बघत नाही. उंचावरून जाणारे दिसत नाहीत. मग जे दिसतं ते एकूणाच्या किती टक्के? हे माहीत नसताना 'यंदा पक्षी कमी झाले' असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. आणि आज रडार आहे, कॅमेरे आहेत, पाठीवर बसवायची यंत्रं आहेत. थंडीत कुडकुडत माणसाने मोजण्यात भावना आहे हे मान्य, पण शास्त्र किती?

मोजमाप
मी संख्याशास्त्रातली आहे, पक्ष्यांमधली नाही, पण या प्रश्नावर बोलायचा हक्क सांगते.

शंकेखोर, तुमचा आक्षेप एका गोष्टीला लागू आहे आणि दुसरीला नाही. एकूण संख्या किती, हे अशा मोजणीतून काढता येत नाही. तसा दावा कुणी केला तर तुम्ही म्हणता ते बरोबर. पण बदल मोजायला एकूण माहीत असावं लागत नाही. दर वर्षी साधारण तोच हिस्सा दिसत असेल, किंवा तो हिस्सा कशाने बदलतो हे नोंदलेलं असेल, तर तुलना करता येते. म्हणूनच वारा, दृश्यता आणि वेळ.

आता शून्याचं बघा. समजा एका वर्षी तीन तास बसून २४० स्कोटर मोजले आणि पुढच्या वर्षी आठ तास बसून २४०च. वहीत वेळ नसेल तर दोन्ही वर्षं सारखी दिसतील. वेळ असेल तर पहिल्या वर्षी तासाला ८०, दुसऱ्या वर्षी ३०. रिकामे तास गाळले तर दर वर फुगतो, आणि तो सगळ्यात जास्त फुगतो तो नेमका पक्षी कमी असलेल्या वर्षी, कारण त्या वर्षी गाळायला रिकामे तास जास्त असतात. म्हणजे घट आपोआप झाकली जाते. क्षितिजरेषाताईंनी सोळा दिवसांची जी गोष्ट सांगितली तिच्यातला धोका हा आहे.

आणखी एक. 'यंदा पहिला सुरय अमुक तारखेला दिसला' याला वर्तमानपत्रात महत्त्व असतं, पण आकडेवारीत ती सगळ्यात कच्ची गोष्ट. बघणारे वाढले की पहिली तारीख आपोआप आधीच्या दिवसांकडे सरकते. त्यापेक्षा हंगामातले निम्मे पक्षी कोणत्या तारखेपर्यंत गेले ते बघावं. ती तारीख एकट्यादुकट्या पक्ष्याने हलत नाही. पण ती काढायला संपूर्ण हंगामाची, रिकाम्या दिवसांसकट मोजणी लागते.

क्षितिजरेषा
मोजमाप, तुम्ही हे जसं मांडलंत तसं मला तीन वर्षांत मांडता आलं नव्हतं. पुढच्या वर्षी खोपीच्या भिंतीवर ते स्कोटरचं उदाहरण लिहून लावणार आहे.

>> रडार आहे, कॅमेरे आहेत

शंकेखोर, ही सगळी साधनं मला हवीच आहेत. प्रत्येक जण वेगळा प्रश्न सोडवतो. रडार रात्री आणि उंचावर बघतं, पण जातीचं नाव सांगत नाही. पाठीवरचं किंवा पायावरचं यंत्र एका पक्ष्याचा सगळा प्रवास सांगतं. आर्क्टिक सुरय वर्षाला सरासरी ७०,९०० किलोमीटर उडतो हे ग्रीनलंड आणि आइसलंडमधल्या पक्ष्यांच्या पायाला लावलेल्या छोट्या यंत्रांमुळेच २०१० मध्ये कळलं. पण तेव्हा यंत्र फक्त अकरा पक्ष्यांकडून परत मिळालं होतं. त्या वर्षी वसंतात पाचशे गेले की पाच हजार, ते त्यातून कळत नाही.

रात्रीबद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं. २०२० च्या वसंतात, टाळेबंदीत शहरं शांत झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये समुद्रापासून लांब राहणाऱ्या लोकांना रात्री घरांवरून जाणाऱ्या स्कोटरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. अनेकांनी खिडकीत मायक्रोफोन ठेवून त्या रेकॉर्ड केल्या. स्कोटर जमिनीवरून रात्रीचे जातात हे जाणकारांना माहीत होतं, पण एवढ्या घरांमधून एकाच वेळी ऐकल्यावर त्याचा पसारा कळला. ते ऐकून आम्ही खोपी सोडली नाही, आमच्या आकड्याच्या शेजारी 'फक्त दिवसा' हे शब्द ठळक झाले.

आता मोजण्याने काय हाती लागतं याचं एक उदाहरण, दुर्दैवाने वाईट. २०२१ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लू समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींमध्ये शिरला. नंतर ब्रिटनमध्ये वसाहतींची फेरमोजणी झाली तेव्हा ग्रेट स्कुआ ७६ टक्क्यांनी घटलेला निघाला. गॅनेट २५ टक्क्यांनी, सामान्य सुरय ४२ टक्क्यांनी. या जातींचे पक्षी उशिरा वयात येतात, गॅनेट आणि ग्रेट स्कुआ तर वर्षाला बहुधा एक-दोनच पिल्लं वाढवतात, त्यामुळे भर पडायला खूप वर्षं लागतील. किती लागतील ते बघायला सगळ्या वसाहतींची मोजणी दर वर्षी होत नाही. टोकावरची वही दर वर्षी भरते. ग्रेट स्कुआचा रकाना मी हल्ली काळजी घेऊन भरते, त्यात शून्य लिहिताना जास्तच.

आणि बघणारा माणूस असला की अनपेक्षित गोष्टही दिसते. फ्लूतून वाचलेल्या काही गॅनेटांचे एरवी फिकट निळे असलेले डोळे काळे झाले. स्कॉटलंडजवळच्या बास रॉक बेटावर हे लोकांच्या लक्षात आलं कारण ते डोळ्यांकडे बघत होते. नुसतं मोजायला लावलेल्या यंत्राने ते टिपलं नसतं.

शंकेखोर
टक्केवारीबद्दलची शंका मागे घेतो. मोजमाप यांचा मुद्दा पटला. एकूण आणि बदल या दोन गोष्टी मी एकात मिसळत होतो. पण मग एक पुढचा प्रश्न उरतो. 'तोच हिस्सा दिसतो' हे माणसावरही अवलंबून नाही का? माळरान यांच्यासारखा अनुभवी बसला तर जास्त दिसणार, नवखा बसला तर कमी.

मोजमाप
बरोबर, आणि म्हणून वहीत निरीक्षकाचं नाव असतं. आकडेमोडीत तो एक घटक म्हणून धरता येतो. एकच जोडी वर्षानुवर्षं बसते तिथे हा त्रास कमी, आणि ती जोडी म्हातारी झाल्यावर वेगळा.

माळरान
दूरचं ओळखणं एक, थवा मोजणं दुसरं. दुसऱ्यात अनुभवी माणूसही चुकतो, आणि माझी चूक बहुतेक वेळा कमी मोजण्याकडे झुकते. थवा मोठा तितकी जास्त.

माझी पद्धत अशी. थवा दिसला की आधी दहा पक्षी खरोखर मोजायचे. ते दहा डोळ्यात किती जागा व्यापतात ते धरायचं आणि तो तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचं. शंभरावर थवा असला तर आधी पन्नासाचा तुकडा पाडायचा. वेळ असेल तर दुसऱ्या टोकाकडून पुन्हा. जोडीदाराला आपला आकडा आधी सांगायचा नाही, दोघांनी वेगवेगळा मोजून मग बोलायचं. खटक्याचं गणकयंत्र एका जातीसाठी ठेवायचं, जी सर्वात जास्त येतेय तिच्यासाठी. बाकीच्यांना कागदावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी.

सरावासाठी थव्याचा फोटो काढा, तिथल्या तिथे अंदाज लिहा, रात्री फोटोवर एक एक ठिपका मोजा. महिनाभर केलंत तर आपला हात कितीने कमी पडतो ते कळतं. पण वहीतला आकडा मागाहून वाढवू नका. फोटोतून मोजला असेल तर तसं लिहा.

जुना_दर्यावर्दी
मी पक्षीवाला नाही. छत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, आता निवृत्त. धागा दोन दिवस वाचतोय आणि खोपीचं वर्णन वाचून ब्रिजवरची, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथली, वॉच (पहाऱ्याची पाळी) आठवली. पहाटे चार ते आठची वॉच माझी आवडती. नजरेबद्दल दोन गोष्टी सांगतो, उपयोगी पडल्या तर बघा.

क्षितिजावर एका बिंदूला डोळा लावून ठेवला की पाच मिनिटांत काही दिसेनासं होतं. क्षितिजाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर थोडं थांबायचं, मग पुढचा. नवीन पोरं नजर झाडू मारल्यासारखी फिरवतात, त्यात काही सापडत नाही. अंधुक उजेडात ज्या गोष्टीकडे बघायचंय तिच्या किंचित बाजूला बघायचं, कडेच्या नजरेला ती आधी दिसते. आणि दर वीस मिनिटांनी डोळा उचलून जवळचं काहीतरी बघायचं.

वाऱ्याचा जोर लिहिताना समुद्राकडे बघून लिहा, कानाला काय वाटतं त्यावर नको. ब्यूफोर्टने १८०५ मध्ये ती मोजपट्टी केली तीच मुळी जहाजावरच्या माणसाला यंत्राशिवाय वारा सांगता यावा म्हणून. तीनला कुठेकुठे लाटेचा माथा फुटून पांढरा होतो, चारला असे माथे वारंवार दिसायला लागतात. तीन आणि चार यातली गल्लत सगळ्यात जास्त होते.

क्षितिजरेषा
काका, मनापासून आभार. वीस मिनिटांचा नियम आम्ही पाळत नाही आणि दुपारी डोळे चुरचुरतात त्याचं कारण आज कळलं. तीन-चारची गल्लत आमच्याकडेही आहे. मागच्या वर्षी एकाच सकाळी माझ्या तासात तीन आणि जोडीदाराच्या तासात पाच लिहिलं गेलं होतं आणि समुद्र बदललेला नव्हता.

नवी_दुर्बीण
ही केंद्रं मुळात सुरू कुणी केली? पगारी लोक असतात का तिथे?

माळरान
जगातलं पहिलं पक्षी निरीक्षण केंद्र १९०१ मध्ये बाल्टिक समुद्राकाठी रोसिटेनला योहानेस टीनेमान यांनी काढलं. ते गाव आता रशियात आहे, नाव रिबाची. ब्रिटनमधलं पहिलं १९३३ मध्ये वेल्सजवळच्या स्कोखोम बेटावर, रोनाल्ड लॉकली यांनी. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंडच्या मधल्या फेअर आइल बेटावर १९४८ मध्ये जॉर्ज वॉटरस्टन यांनी केंद्र सुरू केलं, आणि त्याचा आराखडा त्यांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना मनाशी जुळवला होता. फेअर आइलची इमारत मार्च २०१९ मध्ये आगीत गेली. जुन्या नोंदी आधीच संगणकावर चढवलेल्या होत्या म्हणून वाचल्या.

बहुतेक ठिकाणी एक-दोन पगारी माणसं आणि बाकी स्वयंसेवक. आता अनेक केंद्रं आपली रोजची मोजणी ट्रेकटेलेन या डच संकेतस्थळावर तासागणिक टाकतात. डचमध्ये 'ट्रेक' म्हणजे स्थलांतर आणि 'टेलेन' म्हणजे मोजणं. एका टोकावर सकाळी पोमरिन गेले तर पुढच्या टोकावरचे लोक ते बघून स्कोप लावून तयार बसतात.

जुना_दर्यावर्दी
एक विचारू का. जहाजावर असताना मी स्वतःसाठी वह्या ठेवत असे. एकूण अकरा. त्यात पक्षी आहेत. नावं नाहीत, मला येत नव्हती. 'काळा, पंखात पांढरी पट्टी, दुसऱ्या पक्ष्याच्या मागे लागला, त्याने मासा टाकला' असं लिहिलेलं आहे. सोबत तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, वारा. काही पानांवर चित्रं काढलीत. माळरान यांचं स्कुआचं वर्णन वाचलं आणि काल रात्री कपाटातून काढून बसलो. याचा कुणाला उपयोग होईल का, की घरच्यांसाठी ठेवू?

माळरान
काका, वह्या कुणालाही देऊ नका आणि कुठेही हलवू नका. आधी प्रत्येक पानाचा सरळ वरून, चांगल्या उजेडात फोटो काढा. नावं नसली तरी चालतील, उलट बरंच. तुम्ही जे दिसलं ते लिहिलंत, ओळखायच्या नादात बदललं नाहीत. 'पंखात पांढरी पट्टी आणि पाठलाग' एवढ्यावरून निदान कुळ ठरतं, चित्र असेल तर कदाचित जातही.

मोजमाप
काका, मला एक वेगळं विचारायचंय. ज्या वॉचला एकही पक्षी दिसला नाही ती वहीत आहे का?

जुना_दर्यावर्दी
नाही. पक्षी दिसला तरच लिहिलं. त्या वेळी असा विचार केला नव्हता. क्षितिजरेषाताईंची सोळा पानं वाचली तेव्हाच मनात आलं की माझ्या अकराही वह्या तशाच.

क्षितिजरेषा
काका, तुमचं तसं नाही. मला तेव्हा कधी बसले आणि कधी उठले ते सांगता आलं नाही. तुमची वॉच ठरलेली होती. चार ते आठ म्हणजे चार ते आठ, जहाज त्या तारखेला कुठल्या दोन बंदरांच्या मधे होतं तेही माहीत. ज्या दिवशी पान कोरं आहे त्या दिवशी तुम्ही ब्रिजवर होतात हे तुमच्या सेवापुस्तकावरून कळेल ना? मग ते कोरं पान म्हणजे चार तासांचं शून्य. निदान ज्या सफरींत तुम्ही नेमाने लिहीत होतात त्यांच्यापुरतं.

जुना_दर्यावर्दी
सेवापुस्तक आहे. कुठल्या जहाजावर कधी चढलो, कधी उतरलो, सगळे शिक्के आहेत. वॉच कुठली होती ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायची सवय होती. दोन सफरींत मी आजारी होतो, ते दिवस वेगळे काढावे लागतील, ते मला आठवतात.

मोजमाप
मग तक्ता मी करून देते. तारीख, वॉच, अक्षांश, रेखांश, वारा, पक्षी, वर्णन. शेवटी एक रकाना 'ब्रिजवर होतो: हो / नाही / आठवत नाही'. तो तिसरा पर्याय मोकळेपणाने वापरा.

जुना_दर्यावर्दी
ठीक. नातीला फोटो काढायला बसवतो. पहिल्या वहीची आठ पानं उद्या इथेच टाकतो, माळरान यांनी बघून उजेड पुरेसा आहे का ते सांगावं. शाई काही ठिकाणी पसरली आहे, ती समुद्राच्या पाण्याने.